मुक्या लग्नाची फाईल

"चित्र दिसतंय. आवाज नाही," सासरेबुवा म्हणाले आणि कॉम्प्युटरसमोरची खुर्ची त्यांनी जावयाला रिकामी करून दिली.

एवढंच बोलले. जावयाला हल्ली याचं फार बरं वाटायचं. पूर्वी या गृहस्थांकडे प्यायला पाणी मागितलं, तरी विहीर कुणी खणली तिथपासून ते सुरुवात करायचे. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मात्र त्याच्यापुढे अगदी मोजूनमापून बोलायला लागले. जावयाचा मान म्हणतात तो हाच, अशी त्याने मनाची समजूत घातली होती. तो मान आज पणाला लागला होता.

खरं तर त्याचं होतं चष्म्याचं दुकान. पण लग्न ठरताना कॉम्प्युटरमधलं आपल्याला सगळं येतं, अशी एक थाप त्याने मारून ठेवली होती आणि ती आज अंगाशी आली. लग्नाला वर्ष झालं म्हणून संध्याकाळी पाहुणे यायचे होते. सासरेबुवांनी त्यांच्यासाठी लग्नाची छोटी फिल्म करायला घेतली होती. निवृत्तीनंतर लागलेला हा नवा नाद. पण सॉफ्टवेअरमध्ये लग्नाची फाईल घातली की सगळे नुसतेच तोंडं हलवायचे.

"टीव्हीला लावली की खणखणीत वाजते," सासूबाई म्हणाल्या.

म्हणजे फाईल धडधाकट होती, या सॉफ्टवेअरलाच तिचा फॉरमॅट पचत नव्हता. जावयाने स्वतः ती फाईल कधी पाहिलीच नव्हती. एक तर दुकानाची गडबड, आणि बायकोही म्हणायची, काय बघायचंय त्यात.

"आवाज आणायलाच हवा का?" आत्ताही तिने दारातून विचारलं. "मागे एखादी धून टाक की छानशी."

बायकोचा आपल्यावर एवढाही विश्वास नाही म्हटल्यावर तो इरेला पेटला. आवाज आल्याशिवाय जेवायला उठणार नाही, असं त्याने जाहीर करून टाकलं.

फाईल दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलली, तर आवाज राहिला बाजूला, पाहुणेमंडळी हिरवीगार झाली. पुन्हा बदलली, तर सगळे उभे ताणले गेले. स्वतःला इतकं सडपातळ बघून सासूबाई म्हणाल्या, हेच राहू द्या, काही बिघडत नाही. त्यानंतर सॉफ्टवेअरच बंद पडलं. सासरेबुवा शेजारी स्टुलावर हाताची घडी घालून गप्प बसून होते. या माणसाने काहीतरी बोलावं, असं जावयाला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

शेवटी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. चित्राचा फॉरमॅट तो बदलत होता, आवाजाचा वेगळा निवडावा लागतो. त्याने तो निवडला, बटण दाबलं आणि हिरवी पट्टी रांगत पुढे सरकायला लागली.

"माझ्या कॉलरला माईक होता, बाबा," तो रुबाबात म्हणाला. "कॅमेरावाल्याने मुद्दाम लावला होता. काय स्वच्छ आवाज येतो बघाच."

"हो," सासरेबुवा म्हणाले.

पट्टी भरली. त्याने सगळ्यांना हाका मारल्या. सासूबाई पदराला हात पुसत आल्या. बायको आली, पण दारातच थांबली. त्याने ऐटीत फाईल सुरू केली.

पडद्यावर व्यासपीठ दिसलं. सासरेबुवा माईक धरून उभे होते, मुलीच्या बालपणापासून बोलत होते. मागे नवरदेव मित्राशेजारी बसून मोठ्या आदराने मान डोलावत होता. आधी टाळ्या ऐकू आल्या. मग अगदी कानाजवळून, स्वच्छ, नवरदेवाचा आवाज आला. "अर्धा तास झाला रे. यांना म्यूट करायचं बटण कुठे असतं? तेवढं सापडलं तर संसार सुखाचा होईल माझा."

जावयाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. माऊस हाताशी होता, पण त्याच्या हाताला तो काही सापडेना.

सासरेबुवांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा नाकावर चढवला.

"टीव्हीवर ऐकलं, त्या दिवसापासून मीच ते बटण दाबून ठेवलंय, जावईबापू," ते म्हणाले. "आता बोट उचलू का?"