उत्तरेचा वारा

“आज जागा नाही,” त्रेविन्यो म्हणाला.

“काल कुठे होती?” दिल्सियाने विचारलं.

“कालही नव्हती.”

“मग ‘आज’ कशाला म्हणता, साहेब? उगाच आशा लागते.”

मातामोरोसच्या पुलावर मधोमध एक पिवळी रेघ आहे. अलीकडे मेक्सिको, पलीकडे अमेरिका. पलीकडे अमेरिकेचे सीमा-शिपाई, त्रेविन्यो आणि त्याचा जोडीदार, पाय फाकून उभे असायचे. कायदा असा, की आश्रय मागायचा तर अमेरिकेच्या जमिनीवर उभं राहून मागायचा. तिथे उभं राहून मागितला, की ऐकून घ्यावंच लागतं. म्हणून तिथे कुणाला उभंच राहू द्यायचं नाही. ही अक्कल कुणाची, माहीत नाही. पण त्याला पगार चांगला असावा.

दिल्सिया होंडुरासची. चोलोमात तिची खाण्याची गाडी होती. हप्ता चुकला म्हणून टोळीवाल्यांनी गाडी जाळली आणि पुढच्या खेपेला पोरीला उचलू म्हणाले. पोरगी, येइमी, आत्ता तिच्या शेजारीच उभी होती. काल, ही रांग रात्री झोपायची त्या नदीकाठच्या तंबूंमध्ये एक माणूस दिल्सियाचं पूर्ण नाव घेऊन विचारत फिरला. बोलण्याची ढब चोलोमाची होती. त्यामुळे ‘उद्या या’ हे उत्तर आता तिच्या कामाचं राहिलं नव्हतं.

“आश्रय मागणं हा आमचा हक्क आहे,” ती म्हणाली. वाक्य तंबूंमध्ये येणाऱ्या एका वकीलबाईंनी पाठ करून घेतलं होतं.

“आहेच की. नाही कोण म्हणतंय? फक्त इकडे येऊन माग.”

“मग येऊ?”

“नाही.”

मागे रांगेत निकाराग्वाचा म्हातारा एव्हेलिओ वाऱ्याला शिव्या घालत होता. सकाळपासून नोर्ते सुटला होता, उत्तरेकडून येणारा, हाडात शिरणारा. सगळी रांगच त्याला शिव्या देत होती. “मेला तिकडून सरळ इकडे घुसतो,” एव्हेलिओ म्हणाला. “याला कुणी कागद विचारतं का?”

तेवढ्यात त्रेविन्योची टोपी उडाली.

टोपी रेघ ओलांडून दिल्सियाच्या पायाशी पडली. त्रेविन्यो वाकला आणि तसाच थांबला. कमरेला पिस्तूल होतं. पिस्तूल घेऊन मेक्सिकोत पाय टाकला तर सरळ तुरुंग. एरवी सुट्टीच्या दिवशी तो याच मातामोरोसमध्ये स्वस्तातल्या दाताच्या डॉक्टरकडे यायचा. पण आज ही हातभर जमीन परदेश होती.

“ताई,” तो म्हणाला, “जरा टोपी देता का?”

ताई तो पहिल्यांदाच म्हणाला.

“सांग त्याला, आज जागा नाही!” एव्हेलिओ मागून ओरडला. रांग हसली. दिल्सिया हसली नाही.

“फेकू?”

“फेका.”

तिने फेकली. वाऱ्याने ती परत आणून तिच्या छातीवर आपटली. पुन्हा फेकली. पुन्हा परत. तिसऱ्यांदा टोपी कठड्यावरून नदीत जाता जाता येइमीने झडप घालून धरली. टोपीवर सरकारी चिन्ह होतं. हरवली की चौकशी. आणि पुलाच्या त्या टोकाकडून मोठा साहेब चालत येत होता.

“अगं बाई, हातात आणून दे ना!” त्रेविन्यो खेकसला.

“कुठे?”

“इकडे!”

“रेघेच्या पलीकडे?”

“हो, पलीकडे! लवकर!”

दिल्सिया मागे वळली. “ऐकलंत ना सगळ्यांनी?”

“ऐकलं,” एव्हेलिओ म्हणाला. “इतकं स्पष्ट तो कधीच बोलला नव्हता.”

“येइमी, एका बाजूने तू धर.”

“मी कशाला, आई?”

“जड आहे गं. सरकारी आहे.”

मायलेकींनी टोपी दोन बाजूंनी धरली, सांडू नये असं काही आत असल्यासारखी, आणि हळूहळू रेघ ओलांडली. जोडीदाराने बाजूला होऊन वाट दिली. त्रेविन्योने टोपी घेतली, झटकली, डोक्यावर नीट बसवली.

“साहेब,” दिल्सिया म्हणाली, “आम्हाला आश्रय हवाय.”

त्रेविन्योने खाली पाहिलं. चार पाय. चारही अमेरिकेत. मोठा साहेबही तिथेच पाहत होता.

अलीकडे रांग तशीच उभी होती. नोर्तेही तसाच सुटला होता. फक्त आता त्याला कुणी शिव्या देत नव्हतं.