कोठ्यावरून

“आरोपी छपरावर चढला कसा, ते बाईंना विचारा,” मॅजिस्ट्रेट इंग्रजीत म्हणाले.

ते मद्रासकडचे. वाशीमला येऊन त्यांना दोनच महिने झाले होते आणि मराठी अजून कळत नव्हती. कोर्टाचा दुभाषी रामकिसन याने साक्षीला उभ्या असलेल्या प्रयागबाईला प्रश्न सांगितला.

“चढला? कोन चढला?” प्रयागबाईने पदर सारखा केला.

“भाऊसिंग. उकंडरावच्या कोठ्यावर.”

“हे कोनं सांगतलं तुमाले?”

रामकिसनने समोरचा कागद पाहिला. किन्हीराजा गावच्या उकंडरावच्या गुरांच्या कोठ्यात चोरी झाली होती. चोर कौलारू छपराची कवेलू काढून आत उतरला होता आणि बैलांच्या पितळी घागरमाळा घेऊन गेला होता. त्याच दिवशी दिवेलागणीला प्रयागबाईने तांड्यावरच्या भाऊसिंगला तिथे पाहिले होते. पोलिसांनी लिहून घेतलेल्या तिच्या जबाबाचे इंग्रजी रामकिसननेच केले होते. त्या एका जबाबावर भाऊसिंग बारा दिवस कोठडीत होता.

“तुमच्याच जबाबात आहे, बाई. भाऊसिंग कोठ्यावरून गेला.”

“गेलाच ना. कोठ्यावरून गेला अन् सिद्दा तांड्याच्या वाटेले लागला. डोक्यावर काड्यांचा भारा होता त्याच्या. चढते कायले?” ती जरा थांबली. “तुमी कचेरीत येता ते मारुतीच्या देवळावरून येता ना, बापू? मंग काय कळसावर चढून येता?”

मागच्या बाकावर कोणीतरी हसले. रामकिसनला हसू आले नाही. कागदावर त्याच्याच वळणदार अक्षरात ‘ओव्हर’ लिहिलेले होते. लहानपणी तो स्वतः रोज पाटलाच्या घरावरून शाळेत जात असे. पण त्या संध्याकाळी कागद पुष्कळ होते, कवेलू काढल्याचे पंचनाम्यात आधीच वाचले होते, आणि लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नव्हता.

“काय म्हणतात बाई?” मॅजिस्ट्रेटनी विचारले.

बाईंनी जबाब फिरवला, एवढे सांगून भागले असते. नोकरीत कायम व्हायला रामकिसनला चार महिने उरले होते. पलीकडे भाऊसिंग कठडा धरून उभा होता आणि जो बोलेल त्याच्या तोंडाकडे बघत होता.

रामकिसन उठला.

“साहेब, बाईंचे म्हणणे पहिल्यापासून एकच आहे. चूक माझ्या भाषांतरात आहे. ओव्हर नाही. पास्ट.” शब्दावर विश्वास उरला नसल्यासारखी त्याने टेबलावरच्या दौतीच्या कडेने दोन बोटे चालवत नेली.

मॅजिस्ट्रेट त्या बोटांकडे पाहत राहिले.

“भिंतीला हात न लावता?”

“हो साहेब. डोक्यावर भारा घेऊन.”

त्यांनी कागद मागून घेतला, टाक उचलला, तो शब्द खोडला, वर दुसरा लिहिला आणि बाजूला सही केली. मग सरकारी वकिलांना विचारले, आणखी काही पुरावा आहे का. नव्हता.

“सोडा त्याला,” ते म्हणाले. आणि रामकिसनकडे न बघता म्हणाले, “माणूस कसा चालला ते आधी डोळ्यांपुढे आणत जा. शब्द नंतर.”

तेवढ्यावर भागले. रामकिसन बाहेर ओसरीवर आला.

पायरीवर भाऊसिंग बसला होता. शेजारी त्याची बायको कमलीबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

“बापू, साहेबानं काय खोडलं?” भाऊसिंगने विचारले.

“एक शब्द. माझा चुकला होता.”

भाऊसिंगने मान हलवली. रागवावे असे त्याच्या मनात आलेले दिसले नाही.

“खोडला ते बरं झालं,” तो म्हणाला. “बारा दिवस जो तो विचारून राह्यला, कसा चढला, कसा चढला. मलेच वाटाले लागलं होतं, चढलोच असन.”