घाटावरचं एकमत

२०१९ साली माझे मालक वारले. तोवर माझे दीर तात्या आणि माझा प्राध्यापक मुलगा कुणाल जेवताना देवावरून भांडायचे.

तात्या म्हणायचे, "कुंभाराबिगर मडकं होत न्हाई, मग जग कसं हुईल?"

"मग त्याच्या जगात लेकरं उपाशी का मरतात?" कुणाल विचारायचा.

दहाव्याला उंब्रजच्या घाटावर दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं.

"वैनी, बांगड्या फोडा. देवाची रीत हाय."

"आई, देव नाही, पण लोक आहेत ना. फोडून टाक."

"देव असंल तर त्यो मला इचारंल. नसंल तर तुमी कोन लागून गेलाय?" म्हणत मी बांगड्यांसकट घरी आले.



कुणाल अजून सांगलीत तत्त्वज्ञान शिकवतो. तात्या गेल्या वर्षी गेले. त्यांच्या दहाव्याला जाऊबाई घाटावर आल्या, त्या कोपरापर्यंत हिरवा चुडा भरूनच.