सैल मुखवटा

"आजोबा, तुम्ही गाल फुगवलेत का?" स्पीकरमधून शाहीनने विचारलं. किरणोपचार देणारी ही मुलगी बाहेर बसून कॅमेऱ्यातून माझ्यावर लक्ष ठेवते.

जाळीदार मुखवट्याने माझं डोकं टेबलाला जखडलेलं होतं. घशातल्या गाठीवर किरण नेमके पडावेत म्हणून तो माझ्याच चेहऱ्यावर बेतला होता. पुढे मी वाळलो आणि तो सैल झाला. उगाच कशाला कुणाला त्रास, म्हणून मी गाल फुगवून जागा भरून काढत होतो. कर्करोगावरची जाडजूड पुस्तकं वाचलेला माणूस मी.

शाहीन आत आली. "गाठ राहिली असती बाजूला आणि किरण गेले असते भलतीकडे. सांगायचं ना."

"तुमची गडबड चालली होती," मी पुटपुटलो.

उपचार थांबवून नवा मुखवटा बेतला गेला. "घट्ट होतोय का?"

"नाही, छान आहे," हे सवयीचं उत्तर मी दुखऱ्या घशाने गिळलं आणि जन्मातली पहिली तक्रार केली. "नाक दबतंय."

"मग अगदी बरोबर बसलाय," म्हणत तिने शेवटची खिट्टी लावली.

मला हसू आलं, पण आत त्यालाही जागा उरली नव्हती.