कापसाच्या खोलीतला गेम

काल दुपारी मी अन् कपिल धम्मरत्नच्या घरी गेलतो ना, ऐका मंग, अन् हसू नका. भाव नाही म्हणून त्यायनं सारा कापूस घरातच भरून ठेवला. खोली छतापर्यंत भरली, अन् दाराजवळ कोपऱ्यात कम्प्युटर. कापसात आवाज दबते म्हणून त्यानं स्पीकर मोठा ठेवलता.

त्यानं भुताचा गेम लावला. मी म्हणलं, "पिच्चरमध्ये भुतं पाहतोच ना आपण! याच्यात काय भ्यायचं?"

"पिच्चरमध्ये दुसरा माणूस दार उघडते," धम्मरत्न म्हणे. "इथं तुले सोता जा लागते बे. तू बटन दाबशील तवाच पाऊल पुढं पडते."

मले बसवून तो अन् कपिल अंगणात गेले. गेममध्ये लंबा व्हरांडा, शेवटी बंद दार. बटन दाबलं का ठक, ठक पाऊल वाजे. दारापर्यंत आलो अन् बोटच दबेना. खुर्ची पाडून बाहेर पयालो.

"वा रे शेर!" कपिल हसून हसून खाली बसला. अंगणात तूर पाखडता पाखडता धम्मरत्नची माय, मथुरा काकूबी हसल्या. माये पाय उघडे, पायाले कापूस चिकटेल, कान गरम. मान वरच होईना. मी हळूच म्हणलं, "बंद कर ना बाप्पा तो गेम."

तवा आतून आवाज आला. ठक. ठक.

काकूचं सूप थांबलं. घरातले सारे तं अंगणातच होते, अन् खोलीले दुसरं दार नाही.

"कोण खेळून राह्यलं बे?" कपिलनं इचारलं.

आत गेममधलं ते दार करकरत उघडलं.