नाव घ्या, मग बोला

"पेशंटचं पूर्ण नाव आणि जन्मसाल सांगा ताई, म्हणजे वॉर्डात फोन जोडते," हॉस्पिटलातली मुलगी म्हणाली.

बुरुलने फोन या कानाचा त्या कानाला केला. "माझे सासरे आहेत. काल आमच्या गावातून आणले ते. पोटाचं ऑपरेशन आहे."

"इथे अख्खा मजला पोटाच्या ऑपरेशनचा आहे. नाव?"

"पांढरी दाढी. डाव्या हाताचं एक बोट नाही. कुणालाही विचार, लगेच सांगतील."

"ताई, नाव घ्या ना!"

नाव घ्या म्हणे! या घरात सून होऊन आल्यापासून बुरुलने सासऱ्यांचं नाव उच्चारलं नव्हतं, त्यांच्या वडिलांचंही नाही. किर्गिझ सून एक वेळ उपाशी राहील, पण सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव तोंडातून काढायची नाही. गल्लीतल्या एका पोराचं नेमकं तेच नाव होतं, तर त्याला ती जन्मापासून 'ठिपक्या' म्हणत आली होती.

आणि सासऱ्यांशी बोलायचं तर होतंच. काल गाडीत चढवताना म्हाताऱ्याने तिचा हात धरला होता. "सुनबाई, माझ्यावर राजी आहेस ना?" लांबच्या वाटेला निघालेला माणूस घरच्यांना हे विचारतो, आणि घरच्यांनी 'राजी आहे', मनात काही राग नाही, म्हणून त्याला मोकळं करायचं असतं. पायांवर रजई खोचता खोचता बुरुल म्हणाली, "काहीतरीच काय अभद्र बोलता! घरी आल्यावर विचारा." गाडी गेली, आणि तिला स्वतःचीच चीड आली. एवढा एक शब्द काही जड नव्हता. मागोमाग जावं तर बर्फ कोसळून खिंड बंद झालेली. आता ऑपरेशनच्या आधी फोनवर तरी तो त्यांच्या कानावर घालायचा होता.

तिने लेकीला पुढे केलं. नातवंडांना बंदी नसते. नुरपेरीने शाळेत कविता म्हणावी तसं खणखणीत सांगितलं, "कालमुर्झा दुईशेनोव! एकोणीसशे त्रेपन्न!"

"शाब्बास. वय किती गं तुझं?"

"अकरा."

"मग मोठ्या माणसाला दे, बाळा. अठराच्या आत चालत नाही."

बुरुलने फोन ओढून घेतला. "अगं, बरोबर सांगितलं ना तिने?"

"बरोबर आहे ताई. आणि मला कळतं हो, माझी आईपण आजोबांचं नाव घेत नाही. पण गेल्या महिन्यात एकाने भाचा म्हणून फोन केला. खाटेवरच्या म्हातारीकडून गोड बोलून कार्डाचा नंबर काढला, आणि तिची सगळी पेन्शन साफ. तो फोन मीच जोडून दिला होता. त्या म्हातारीचं रडणं अजून माझ्या कानात आहे." पोरगी खरं बोलत होती, आवाजावरूनच कळत होतं. "तुम्ही नाव घ्या, मी लगेच जोडते. लवकर करा मात्र. त्यांना आत न्यायची वेळ होत आलीय."

आता काय करावं? जिला नाव घेता येतं तिचं वय कमी, जिचं वय पुरे तिची जीभ बांधलेली. नवरा सैबेरियात बांधकामावर, त्याचा फोन बंद. गावातले झाडून सगळे पुरुष खिंडीतलं बर्फ उपसायला गेलेले. बुरुल तशीच शेजारच्या शारकानकडे धावली.

"मी?" शारकानने कानांना हात लावले. "अगं, थोरले दीर लागतात ते माझे! तुझी जीभ तुला प्यारी, माझी काय वाटेवर पडलीय?"

पलीकडची बिबी तर "तोबा, तोबा" म्हणत आतच पळाली. गावातल्या बायका सगळ्या एकाच कुळाच्या सुना. कुणाचे दीर, कुणाचे चुलत सासरे.

शेवटी बुरुल गोठ्यात गेली. दार लावून घेतलं. गाईनेसुद्धा ऐकू नये म्हणून तिच्याकडे पाठ केली आणि पुन्हा फोन लावला.

"का..." म्हणाली आणि थांबली. मग डोळे गच्च मिटून एका दमात बोलून गेली, "कालमुर्झा. दुईशेनोव कालमुर्झा. त्रेपन्न साल." आणि डोक्यावरचा रुमाल तोंडावर ओढून हमसाहमशी रडायला लागली. कुणाच्या तरी थोबाडीत मारल्यासारखं तिला वाटत होतं.

"बरोबर," पलीकडची मुलगी हळूच म्हणाली. "पण ताई... आत्ताच आत नेलं हो त्यांना."

संध्याकाळी फोन वाजला. तीच मुलगी. या खेपेला तिने नाव विचारलं नाही, की साल विचारलं नाही. बुरुलनेच विचारलं.

"गेले?"

"हो ताई."

मुलीने फोन ठेवला नाही.

"ताई, एक सांगायचंय. तुम्ही सकाळी पहिल्यांदा फोन ठेवलात ना, त्यानंतर मी वॉर्डात जाऊन आले. आजोबांना म्हटलं, एक बाई तुमची सून म्हणवते, पण तुमचं नाव काही केल्या सांगत नाही. तर हसले ते. एवढ्या दुखण्यात हसले. म्हणाले, नाव घेत नाही ना? मग माझीच सून ती. जोड फोन."

"मग?"

"मी म्हटलं, आजोबा, नियम आहे."