काकांची मोजणी

अॅम्ब्युलन्सवाले काका इस्पितळात जखमी माणूस सोपवायला आले, की स्ट्रेचरच्या डोक्याच्या बाजूला उभे राहायचे. घाईतल्या डॉक्टरांनाही थोपवून म्हणायचे, "घाई नको हं. एक, दोन, तीन." मगच सगळ्यांनी जखमीखालची चादर उचलायची. वीस वर्षांत सिस्टरने मोजण्याचा तो मान दुसऱ्या कोणाला मिळालेला पाहिला नव्हता.

आज भर दुपारी त्याच स्ट्रेचरवर काका होते. रस्त्यातला जखमी उचलताना त्यांना मागून ट्रकने उडवलं होतं.

"नाडी लागत नाहीये," त्यांच्या अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर रडतच म्हणाला.

चौघांनी दोन्ही बाजूंनी चादर धरली. डोक्याशी उभं राहायला कोणी धजेना.

"एक, दोन, तीन."

सवयीने सगळ्यांनी एकदम उचललं.

"मोजलं कोणी?" सिस्टरने विचारलं. ड्रायव्हरने काकांच्या तोंडातल्या श्वासाच्या नळीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

अर्ध्या तासाने डॉक्टरांनी हात टेकले. आता काकांना शवागाराच्या ट्रॉलीवर घ्यायचं होतं. सिस्टरने डोळे पुसले, चादर धरली आणि या वेळी आपणच मोजायचं ठरवून तोंड उघडलं.

डोक्याकडचा काठ कोणीच धरला नव्हता. तो हळूच ताणला गेला.

"घाई नको हं."